गाडी ७,७०० पौंड ओढते, मग अडतं कुठे?

प्रश्न : आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. २०१९ची ऑडी क्यू-७ आहे, ३.० लिटर व्ही-६, कंपनीच्या टो पॅकेजसह. माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ७,७०० पौंड दिली आहे. दारातल्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून १,२९० पौंड असं लिहिलंय. आम्हाला २६ फुटी, बंक बेडवाला ट्रॅव्हल ट्रेलर आवडलाय. त्याचं रिकामं वजन ५,३०० पौंड, जास्तीत जास्त ६,८००, आणि टंग वेट ५६० लिहिलंय. जुलैमध्ये नाशिकहून आई-बाबा येणार आहेत. आम्ही दोघं, १२ आणि ८ वर्षांची मुलं आणि ते दोघं, असे सहाजण यलोस्टोनला जायचा बेत आहे. डीलर म्हणतो, गाडीला हा ट्रेलर म्हणजे काहीच नाही, शिवाय वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलर गाडीला जोडायचा भार वाटून देणारा सांधा) फुकट बसवून देतो. माझा दीर म्युनिकला असतो. तो अशाच क्यू-७ने दोन टनांची कॅरॅव्हॅन ओढतो आणि म्हणतो, असल्या हिचची तिकडे कुणी नावसुद्धा घेत नाही. नवरा डिपॉझिट भरायला निघालाय. गाडीत ब्रेक कंट्रोलर नाही. घ्यावा का हा ट्रेलर? आणि नवीन काय काय बसवावं लागेल?
– एक वाचक, ऑरोरा, कोलोरॅडो

उत्तर : डिपॉझिट भरू नका. हा ट्रेलर तुमच्या गाडीला जड आहे. सहाजण बसले तर फारच जड, चौघंच असाल तरीही जड. इंजिनाचा यात काही दोष नाही. तुमचा व्ही-६ हा ट्रेलर चढावर कुरकुर न करता ओढेल, आणि फसगत होते ती त्यामुळेच. डीलरच्या आवारात एक चक्कर मारली की सगळं छान वाटतं.

७,७०० हा आकडा जरा बाजूला ठेवा. गाडी मागे किती ओढू शकते एवढंच तो सांगतो. ट्रेलरचा पुढचा भाग हिचच्या बॉलवर टेकलेला असतो आणि त्याचा भार, म्हणजे टंग वेट, गाडी पाठीवर घेते. हा भार १,२९० पौंडांतूनच वजा होतो. माणसं, बॅगा, कूलर, हिचचा दांडा आणि टंग वेट, सगळ्यांचा हिशेब त्या एकाच खात्यात. पेट्रोलची भरलेली टाकी आणि कारखान्यातच बसवलेलं हिच मात्र स्टिकरचा आकडा काढतानाच धरलेलं असतं, ते पुन्हा वजा करायचं नाही. चालकाचं वजन धरायचं. पुष्कळांना वाटतं ते धरायचं नसतं.

आता तुमचा हिशेब. वजनं आम्ही अंदाजाने घेतली आहेत, तुम्ही खरी घाला. तुम्ही दोघं ३१५ पौंड, मुलं १५०, आई-बाबा २८०. झाले ७४५. कूलर, पाण्याच्या बाटल्या, हातातल्या पिशव्या ६०. हिचचा दांडा आणि बॉल २५. एकूण ८३०. १,२९० मधून ८३० गेले, उरले ४६०. म्हणजे ट्रेलरने बॉलवर ४६० पौंडांपेक्षा (२०९ किलो) जास्त भार टाकता कामा नये.

आणि हा ट्रेलर टाकणार किती? माहितीपत्रकातले ५६० विसरा. तो रिकाम्या ट्रेलरचा आकडा आहे. त्यात बॅटरी बहुतेक वेळा धरलेली नसते (५५-६० पौंड), सिलिंडरांतला गॅसही नसतो (२० पौंडी दोन सिलिंडर म्हणजे ४० पौंड), आणि या दोन्ही वस्तू नेमक्या ट्रेलरच्या नाकावर बसतात. मग भांडी, अंथरुणं, कपडे, खुर्च्या, तांदूळ-डाळी, थोडं पाणी. एका कुटुंबाचा संसार भरला की ५,३००चा ट्रेलर सहज ६,२००ला जातो. अमेरिकी ट्रॅव्हल ट्रेलर स्थिर चालायचा तर भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर लागतो. मधला १३ टक्के धरला तर ८०६ पौंड. शिल्लक ४६०, गरज ८०६. म्हणजे जवळजवळ ३५० पौंडांनी, १५७ किलोंनी, जास्त. इतकंच नाही, ७,७००च्या क्षमतेबरोबर टंग वेटची जी ७७० पौंडांची मर्यादा येते, तीसुद्धा हा ट्रेलर ओलांडतो.

"मग मागे सामान सरकवून टंग वेट कमी करू", असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. नाक हलकं आणि शेपूट जड झालेला ट्रेलर ६० मैलांच्या वेगाला डोलायला लागतो, आणि ते डोलणं प्रत्येक हेलकाव्यागणिक वाढत जातं. गाडीच्या स्टिकरसाठी ट्रेलरचा तोल बिघडवायचा नसतो. उलट ट्रेलरच हलका निवडायचा असतो.

आता डीलरचं फुकट हिच. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच काय करतं ते आधी बघू. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या साधारण चार फूट मागे असतो आणि तुमच्या गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर सुमारे ११८ इंच. बॉलवर ६०० पौंड ठेवले की तरफेच्या नियमाने मागच्या अ‍ॅक्सलवर ६०० नव्हे, ८४० पौंड येतात, आणि वरचे २४० पुढच्या चाकांवरून उचलले जातात. पुढची चाकं म्हणजे तुमचं स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा वाटा. या हिचच्या दोन पोलादी पट्ट्या ताण देऊन त्यातला काही भार परत पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर ढकलतात. काम चांगलं आहे, पण पेलोड, म्हणजे गाडी अंगावर पेलू शकते ते १,२९०चं वजन, त्याने वाढत नाही. दारावरचं स्टिकर तेच राहतं, आणि हिचचं स्वतःचं वजन ८०-१०० पौंड असतं, तेही त्याच खात्यात जातं.

शिवाय त्या पट्ट्या ताणल्या की रिसीव्हरवर (गाडीच्या मागे हिचचा दांडा ज्यात बसतो त्या नळीवर) आणि तो ज्या सांगाड्याला जोडलाय त्यावर वाकवणारा जोर येतो. पिकअप ट्रकला खाली शिडीसारखी स्वतंत्र चौकट असते, ती हा जोर झेलते. तुमच्या गाडीत बॉडी आणि चौकट एकच आहे. युरोपीय कंपन्यांच्या बऱ्याच एसयूव्हींच्या मॅन्युअलमध्ये असं हिच लावायला चक्क मनाई असते. तुमच्या मॅन्युअलमधलं ट्रेलरचं प्रकरण उघडा आणि हे वाक्य शोधा. मनाई असेल तर विषय संपला, डीलर फुकट देवो नाहीतर वर पैसे देवो. उद्या रिसीव्हर वाकला तर वॉरंटीच्या दारात तुम्ही एकटेच उभे असाल.

एअर सस्पेन्शन असेल तर ते हे काम करतं, असा समज सगळीकडे आहे. ते गाडीची शेपूट उचलून सरळ करतं, दिसायला सगळं समपातळीत दिसतं. पण पुढच्या चाकांवरून गेलेले २४० पौंड त्याने परत येत नाहीत.

दिराचं म्हणणं खोटं नाही, फक्त अर्धं आहे. तीच क्यू-७ जर्मनीत ओढते ते वेगळ्या पद्धतीने. युरोपात कॅरॅव्हॅनचं अ‍ॅक्सल मध्याच्या जवळ असतं, जड सामान त्याच्यावर रचलेलं असतं, आणि बॉलवरचा भार ४ ते ७ टक्केच ठेवतात. दोन टनांच्या कॅरॅव्हॅनचा भार १०० किलोंच्या आसपास. एवढ्याला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लागतच नाही. पण इतक्या कमी भारावर ती स्थिर राहते याला दोन कारणं आहेत. एक, बॉलला दोन बाजूंनी घट्ट पकडून डोलणं दाबणारं स्टॅबिलायझर कपलिंग तिकडे सर्रास असतं. दोन, वेग. जर्मनीत कॅरॅव्हॅनला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, वेगळी परवानगी काढली तर ऑटोबानवर १००. म्हणजे ५० आणि ६२ मैल. तुमच्याकडे आय-२५वर ७५ची पाटी असते आणि शेजारून अठरा चाकी ट्रक ७५नेच जातो. म्युनिकचा टंग वेट, अमेरिकेचा उंच ट्रेलर आणि कोलोरॅडोचा वेग अशी खिचडी करायची नाही.

मग काय घ्यावं? चौघांसाठी हिशेब करा. चौघं ४६५, सामान १००, दांडा-बॉल २५, एकूण ५९०. उरले ७००. यातले निदान १०० हातचे ठेवा, कारण प्रवासात वजन वाढतच जातं. ६०० पौंड टंग वेट, १३ टक्क्यांनी भरलेला ट्रेलर सुमारे ४,६००. म्हणून जास्तीत जास्त वजन (स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर असं लिहिलेलं असतं) ४,५००च्या आत असलेलाच ट्रेलर बघा. लांबी कपलरपासून (ट्रेलरच्या नाकाचं बॉलवर बसणारं तोंड) शेपटीपर्यंत २१-२२ फुटांच्या वर नको. एवढ्यात मुलांचे दोन बंक, एक मोठा बेड, छोटं बाथरूम बसतं. सोफा आणि बाहेर सरकणारी खोली मिळणार नाही. रिकाम्या वजनावर कधीही निवड करू नका. जीव्हीडब्ल्यूआर धरा, म्हणजे कितीही भरलं तरी तुम्ही हद्दीत राहता.

ट्रेलरच्या दाराजवळही एक स्टिकर असतं, त्यात किती सामान भरता येईल तो आकडा दिलेला असतो. जीव्हीडब्ल्यूआरमधून तो वजा केला की त्याच ट्रेलरचं कारखान्यातून निघतानाचं वजन मिळतं. माहितीपत्रकापेक्षा ते बहुधा जास्त निघतं, कारण एसी, बाहेर ओढायचं कापडी छत वगैरे जादा बसवलेल्या गोष्टी त्यात आलेल्या असतात. हा आकडा डीलरकडे मागू नका, स्वतः जाऊन वाचा.

आई-बाबांचं काय, हा खरा प्रश्न. हलका ट्रेलर घेतला तरी सहाजणांत ४६०च उरतात, म्हणजे भरलेला ट्रेलर ३,५००च्या आसपासचा हवा, आणि त्यात सहाजण झोपणार कुठे? आमचं मत स्पष्ट आहे : यंदा दुसरी गाडी काढा. एकाने क्यू-७ने ट्रेलर ओढावा, दुसऱ्याने साध्या कारमधून आई-बाबांना आणि निम्मं सामान न्यावं. ज्येष्ठांना दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करायला, वेगळं थांबायला हे बरंही पडतं. दुसरा मार्ग, ट्रेलर भाड्याने घ्या आणि मालकाकडूनच तो पार्कबाहेर वेस्ट यलोस्टोन किंवा कोडीच्या एखाद्या खासगी कॅम्पग्राउंडवर उभा करून घ्या. असं पोचवून देणारे मिळतात. मग क्यू-७मध्ये सहाजण निवांत बसा, मागे काही नाही. पहिल्याच वर्षी विकत घेण्याआधी भाड्याने राहून बघणं एरवीही शहाणपणाचं. मुलांना वा आजी-आजोबांना चालत्या ट्रेलरमध्ये बसवायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. तिथे सीटबेल्ट नसतात आणि बऱ्याच राज्यांत त्याला मनाईच आहे.

आता बसवायच्या गोष्टी. सगळ्यात आधी ब्रेक कंट्रोलर. ट्रेलरच्या चाकांतले इलेक्ट्रिक ब्रेक गाडीतून येणाऱ्या विजेवर चालतात, आणि ती किती सोडायची ते कंट्रोलर ठरवतो. प्रपोर्शनल प्रकारचाच घ्या. तो गाडी किती जोरात थांबतेय ते ओळखून तेवढाच ब्रेक ट्रेलरला देतो. स्वस्तातला टाइम-डिले प्रकार हळू ब्रेक मारा की करकचून, ठरलेल्या क्रमानेच वीज चढवतो. तुमच्या टो पॅकेजच्या सात पिनी सॉकेटमध्ये १२ व्होल्टची आणि ब्रेकची पिन जिवंत आहे ना, हे टेस्टरने आधी तपासून घ्या. कंट्रोलरला चार तारा लागतात : बॅटरीकडून १२ व्होल्ट (दोन ब्रेकना २० अँपिअरचा, चार ब्रेकना ३० अँपिअरचा ब्रेकर मध्ये घालून), अर्थ, ब्रेक पेडलचा सिग्नल आणि सॉकेटकडे जाणारी निळी तार. जर्मन गाड्यांत पेडलचा सिग्नल आणि मागचे दिवे संगणकाच्या देखरेखीखाली असतात. एखाद्या कारागिराने नेहमीच्या सवयीने टेललाइटच्या तारेला टोचून जोड दिला की डॅशबोर्डवर इशारे पेटतात, कधी मॉड्यूलच जळतं. म्हणून गाडीच्या मॉडेलसाठी तयार मिळणारी वायरिंग किट वापरा, नाहीतर सॉकेट आणि ट्रेलरचा प्लग यांच्या मध्ये बसणारा बिनतारी कंट्रोलर घ्या. बिनतारीचं बसवणं पाच मिनिटांचं, पण त्याचा हाताने ब्रेक लावायचा खटका फोनमध्ये किंवा वेगळ्या बटणात असतो. आमची पसंती चालकाच्या गुडघ्याजवळ कायमच्या बसवलेल्या, खटका असलेल्या कंट्रोलरला. हा खटका कधी लागतो ते पुढे येतंय.

कंट्रोलर जुळवण्याची रीत : रिकाम्या, सपाट जागेत २५ मैलांनी चाला, पेडलला हात न लावता (म्हणजे पाय न लावता) खटका पूर्ण दाबा. ट्रेलरने मागून ठामपणे ओढायला हवं. चाकं फरफटली तर गेन (कंट्रोलरवरचं ब्रेकच्या जोराचं सेटिंग) कमी करा, काहीच जाणवलं नाही तर वाढवा. चाकं फरफटायच्या जरा अलीकडे थांबा. भरलेल्या ट्रेलरला एक सेटिंग, रिकाम्याला दुसरं, पावसात आणखी कमी.

ट्रेलरच्या नाकावर एक बारीक केबल लोंबते, ती ब्रेक-अवे स्विचची. ट्रेलर सुटला तर ती खेचली जाऊन ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात. ती गाडीच्या रिसीव्हरच्या पक्क्या कडीत अडकवायची, सुरक्षा साखळ्यांत नाही आणि दांड्यालाही नाही, कारण दांडाच निसटला तर केबल त्याच्याबरोबर जाईल. साखळ्या कपलरखाली एकमेकींवरून आडव्या घ्या, म्हणजे नाक सुटलं तर रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडेल. आणि कपलर बसलाय की नुसताच टेकलाय हे डोळ्यांना कळत नाही. कपलरचा खटका लावून पिन घातली की ट्रेलरचा जॅक पुन्हा दोन-तीन इंच वर चढवा. गाडीची शेपूट ट्रेलरबरोबर उचलली गेली तरच कपलर बसला. बॉल उचलला न जाता कपलरच वर सुटला तर रस्त्यावर जे होणार होतं ते अंगणातच झालं म्हणायचं. बॉलचा आकार (२ इंच की २ ५/१६) कपलरवर कोरलेला असतो, तोच घ्या.

दांड्याची उंची अशी हवी की जोडल्यावर ट्रेलर सपाट दिसेल किंवा नाक किंचित खाली. नाक वर असेल तर टंग वेट घटतं आणि दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचं मागचं अ‍ॅक्सलच सगळा भार घेतं. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी नेहमीच्या उंचीवर आणून मगच माप घ्या.

टंग वेट प्रत्यक्ष मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. चार बाय चार इंची, साडेतीन फूट लांब लाकडी ठोकळा घ्या. एका टोकाखाली विटेवर पाइपचा तुकडा, दुसऱ्या टोकाखाली काट्यावर तसाच पाइप, दोन्ही पाइपमध्ये बरोबर तीन फूट अंतर. काट्याची आणि विटेची उंची सारखी करा आणि नुसत्या लाकडाचं वजन काट्यावर आलेलं टिपून ठेवा. ट्रेलर सपाट, चाकांना ठोकळे, गाडी सोडवलेली. आता ट्रेलरच्या जॅकचा पाय विटेकडच्या पाइपपासून एक फुटावर, म्हणजे काट्याकडच्यापासून दोन फुटांवर टेकवा. काट्यावर आलेल्या आकड्यातून लाकडाचा वजा करा आणि तीनने गुणा. काटा २०० दाखवतोय तर टंग वेट ६००. हे पूर्ण सामान भरून, गॅस-पाण्यासकट करायचं. अंगणात रिकामा ट्रेलर मोजून काही हाती लागत नाही.

नंतर महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलायचा मोठा काटा, असतो तिथे जा. पहिल्या पत्र्यावर गाडीची पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलरची. पावती घ्या. ट्रेलर बाजूला सोडून नुसती गाडी, माणसांसकट, पुन्हा तोला. दोन पावत्यांतून सगळं निघतं : टंग वेट, पुढच्या चाकांवरून किती उचललं गेलं, आणि मागचं अ‍ॅक्सल दारावरच्या दुसऱ्या लेबलवरच्या मर्यादेत आहे का. पेलोड शिल्लक असूनही मागचं अ‍ॅक्सल ओलांडलं गेलेलं आम्ही पाहतो, विशेषतः तिसऱ्या रांगेत माणसं असतील तेव्हा, कारण ती रांग जवळजवळ त्याच अ‍ॅक्सलच्या डोक्यावर असते.

सामान भरताना जड ते खाली आणि ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर किंवा किंचित पुढे. कुकर, तवे, तांदळाची पिशवी, हत्यारं, सगळं तिथे. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावायची फार इच्छा होईल. चार सायकली आणि स्टँड १२० पौंड, अ‍ॅक्सलपासून ११ फूट मागे, आणि कपलर १५ फूट पुढे असेल तर बॉलवरून ८८ पौंड कमी होतात. ६००चं ५१२ झालं. डोलायला एवढं पुरतं. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. एक गॅलन पाणी ८.३ पौंड, ४० गॅलन ३३०च्या वर. टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर ती भरल्यावर टंग वेट उतरतं. कॅम्पवर नळ असेल तर प्रवासात टाकी जवळपास रिकामीच ठेवा.

टायर : ट्रेलरच्या टायरवर एसटी असं लिहिलेलं असतं, आणि वेगळं काही लिहिलं नसेल तर ते ६५ मैलांपर्यंतचेच समजा. हवा थंड असताना, बाजूवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत भरा. कमी हवेचा टायर उन्हाळ्यात तापतो आणि फुटतो, आणि जाताना चाकावरचा पत्रा, प्लंबिंग घेऊन जातो. चार आकडी तारीख बघा, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचे झाले की झिजलेले नसले तरी बदला. नवीन ट्रेलरचे चाकांचे नट पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांना टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. रंगाचा थर दबला की ते सैल होतात.

आरसे : ट्रेलर आठ फूट रुंद, गाडी साडेसहा. पट्ट्याने बसणारे जोड आरसे दोन्ही बाजूंना हवेतच.

ट्रेलर डोलायला लागला तर अंगाविरुद्ध वागावं लागतं. ब्रेक मारायचा नाही, कारण गाडी हळू होते आणि ट्रेलर मागून ढकलतो. वेग वाढवून सरळ करायचाही नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, डोलण्याच्या उलट फिरवत बसू नका, आणि कंट्रोलरचा खटका हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून ताणला गेला की सरळ होतो. गाडीचं ट्रेलर स्टॅबिलायझेशन मदत करतं, पण ते शेवटचं जाळं. डोलणं एकदा झालं तर थांबून कारण शोधा : टंग वेट, टायरची हवा, वेग. नशीब म्हणून पुढे जायचं नाही.

तुमच्या वाटेवर कारण बहुधा वारा असेल. डेन्व्हरहून फोर्ट कॉलिन्स, २८७ क्रमांकाच्या महामार्गाने लॅरमी, मग आय-८०ने रॉलिन्स, तिथून २८७ने लँडर, डुबॉइस आणि टोगवोटी खिंडीतून मोरन. लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. वायोमिंगचा रस्ते विभाग हलक्या आणि उंच गाड्यांसाठी तो कधी कधी बंद करतो, आणि ट्रॅव्हल ट्रेलर त्या वर्गातच येतो. पहाटे निघा, दुपारच्या आत हा भाग मागे टाका, निघताना विभागाचा नकाशा बघा. ६०चा वेग पुरे. साडेनऊ हजार फुटांवरच्या टोगवोटीवरून उतरताना आधीच खालचा गिअर टाका आणि ब्रेक दाबून सोडून, दाबून सोडून वापरा. जॅक्सनकडून टेटन पासचा जवळचा रस्ता फोन सुचवेल. तो १० टक्के उताराचा आहे, ट्रेलर घेऊन त्या वाटेला जाऊ नका.

यलोस्टोनमध्ये वीज-पाणी-सांडपाण्याची पूर्ण जोडणी फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कला आहे, आणि अस्वलांमुळे तिथे कडक भिंतींचेच ट्रेलर चालतात. कापडी बाजूंचा, पॉप-अप प्रकारचा ट्रेलर हलका म्हणून मनात असेल तर हे ध्यानात असू द्या. जुलैच्या जागा कित्येक महिने आधी भरतात, म्हणून आधी जागा बघा आणि मग ट्रेलर.

पहिली रात्र मात्र यलोस्टोनला नको. चेरी क्रीक स्टेट पार्क तुमच्या दारात आहे, तिथे एक रात्र काढा. मागे घेण्याचा सराव तिथल्या मोकळ्या पार्किंगमध्ये करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, ट्रेलरची शेपूट ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात न्या. थोडं वळवा, थांबा, काय झालं ते बघा. खाली उतरलेल्या माणसाने आरशात दिसेल असंच उभं राहायचं, आणि "थांब" एवढा एकच शब्द दोघांनी आधी ठरवून घ्यायचा. बाकीच्या सूचनांवरून कॅम्पग्राउंडवर घरोघरी भांडणं होतात.

इंधनाचं एक. ट्रेलर मागे असताना गॅलनला १० मैल धरा. क्यू-७ची टाकी साधारण २२ गॅलनची, म्हणजे दीड-पावणेदोनशे मैलांवर पंप शोधायचा. रॉलिन्स ते लँडर मध्ये फारसं काही नाही, रॉलिन्सलाच भरून घ्या. आणि कोलोरॅडो-वायोमिंगच्या पंपांवर 'रेग्युलर' म्हणजे ८५ ऑक्टेन असतं. एरवी कुणी चुकून भरलं तर खपून जातं, पण भरलेला ट्रेलर घेऊन उन्हात चढ चढताना तुमच्या इंजिनाला ९१चं प्रीमियमच हवं.